माझ्या नावावरचं वाचन

"झालं समजा."

समोरचा काय मागतोय हे पुरतं ऐकून घ्यायच्या आतच आमचे लायब्ररी सर हे बोलून मोकळे व्हायचे. बोलताना चष्मा कपाळावर चढवायचे आणि उजवा हात माशी हाकलल्यासारखा हवेत फिरवायचे. पुस्तक मागा, ओळखपत्र मागा, पंखा बिघडल्याचं सांगा, नाहीतर खाडीची कोळंबी आणायला सांगा. उत्तर एकच. आणि त्या हाताबरोबर आपली अडचण खरोखरच उडून गेली असं वाटायचं.

असा माणूस तुम्हीही पाहिला असेल. प्रत्येक ऑफिसात एक असतोच. त्याच्याकडून परत येताना हातात काही नसतं, पण आपण खूश असतो. मला सर फार आवडायचे. आता मी त्यांच्यावर रागावलेली आहे आणि हा राग अजून उतरलेला नाही, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढे मी त्यांच्याबद्दल गोड बोलायला लागले तर तुम्ही तरी फसणार नाही.

मी भिवंडीतल्या एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते. राहते शेलारला. सर आमचे ग्रंथपाल, राहणार अंजूरचे. त्यांना नावाने कोणी हाक मारल्याचं मला आठवत नाही. प्राचार्यांपासून गेटवरच्या वॉचमनपर्यंत सगळ्यांचे ते लायब्ररी सर. त्यांच्या घरची भातशेती होती, तिथे आता गोदामं आहेत. "आमच्या शेतात हल्ली खोकी पिकतात, मॅडम," असं ते म्हणायचे. "पेरायला नको, राखायला नको. रात्रीतून वाढतात." हे सांगताना ते हसायचे, पण भाताचा विषय निघाला की कुठल्या खाचरात कुठलं वाण चांगलं यायचं हे सांगत बसायचे आणि चहा गार व्हायचा.

त्यांना नोकरीची तशी गरज नव्हती. ते यायचे ते देण्याच्या हौसेपोटी. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, पायांत रबरी चप्पल. घरून फोन आला की त्यांची भाषा क्षणात बदलायची. "हाय, हाय, ध्यानात हाय माझ्या. न्हाय इसरलो!" आणि फोन ठेवून आमच्याकडे वळून शुद्ध मराठीत, "काय आणायला सांगितलं होतं, आठवत नाही बुवा."

कॉम्प्युटर येण्याआधी आमच्याकडे पुस्तकं कार्डावर मिळायची. विद्यार्थ्याला दोन पुस्तकं, प्राध्यापकाला दहा. आता प्राध्यापक दहा पुस्तकं नेतात असा तुमचा समज असेल तर तो तसाच राहू द्या. ती रिकामी कार्डं सरांना बघवायची नाहीत. एखाद्या मुलाला तिसरं पुस्तक हवं असलं की सर ड्रॉवरमधून न वाचणाऱ्या प्राध्यापकाचं कार्ड काढायचे आणि पुस्तक त्याच्या नावावर देऊन टाकायचे.

एकदा गणिताच्या सरांच्या कार्डावर बाळंतिणीच्या आहाराचं पुस्तक निघालं. गणिताचे सर तेव्हा अविवाहित होते. स्टाफरूममध्ये महिनाभर आमची करमणूक झाली. स्वतः गणिताचे सरसुद्धा हसले. लायब्ररी सर मात्र गंभीर होते. "पुस्तक परत आलं ना? पान फाटलं नाही ना? मग ते कुणाच्या नावावर गेलं होतं, काय फरक पडतो?"

कॉलेजशी काहीही संबंध नसलेला एक लूमवाला त्यांच्याकडे कादंबऱ्या न्यायला यायचा. शिफ्ट सुटली की कानात सुताचा भुसा तसाच ठेवून दारात उभा. त्याचं वाचन फिजिक्सच्या मॅडमच्या नावावर चालायचं. सर त्याला बजावायचे, "भाई, पढ़ के टाइम पे लाना. मॅडम का नाम खराब नहीं होना चाहिए." आणि तोही इमानदार, वेळेवर आणून द्यायचा. फिजिक्सच्या मॅडमना हे कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, चला, माझ्या नावावर कोणीतरी वाचतंय. आम्हा सगळ्यांना ही सरांची गंमत वाटायची, आणि ती गंमतच होती.

मग तो काळ आला जेव्हा वर्ग मोबाइलवर भरायला लागले. तो गेला, पण जाताना एक गोष्ट मागे ठेवून गेला. प्रत्येक विषयाचं साइटवर एक पान असलंच पाहिजे, असा कॉलेजचा हुकूम निघाला. बहुतेकांनी त्या पानावर अभ्यासक्रम चिकटवला आणि हात झटकले. मला मात्र ते पान नीट करायचं होतं. माझ्या वर्गातली निम्मी मुलं काल्हेरच्या गोदामांत ड्युटी करून येतात, काहींच्या घरचे लूम आहेत आणि माणूस आला नाही की तेच उभे राहतात. लायब्ररीत बसून वाचायला यांना वेळ कुठला? यांनी वाचलं तर बसस्टॉपवर, शेअर रिक्षात, जेवणाच्या सुट्टीत, मोबाइलवरच वाचणार.

विद्यापीठाच्या ग्रंथालयात हवी तेवढी पुस्तकं आणि लेख ऑनलाइन आहेत. त्यांच्या लिंका आमच्या पानावर लावल्या की झालं. अट एवढीच की वाचणाऱ्याचं विद्यापीठाकडे स्वतःचं खातं पाहिजे. मी तिथे पीएचडी करत होते म्हणून माझं होतं. मुलांचं नव्हतं. कॉलेजने रीतसर अर्ज केला तर मुलांनाही खाती मिळतात, असं माझ्या कानावर होतं. मी सरांना विचारलं, "करायचा का अर्ज?"

चष्मा कपाळावर गेला. "झालं समजा."

त्या वर्षीच्या दुपारी मला अजून आवडतात, काय करू? जेवणं झाली की मी लायब्ररीत जायची. सर खिडकीतल्या कॉम्प्युटरसमोर दोन खुर्च्या मांडून ठेवायचे. मी कुठल्या आठवड्याला कुठला धडा ते सांगायची, ते विद्यापीठाच्या ग्रंथालयात शोधायचे आणि लिंक आमच्या पानावर आणून लावायचे. खालून रस्त्यापलीकडच्या लूमची खटखट यायची. ती आम्हाला ऐकूही येत नसे, बंद पडली की मात्र दोघंही मान वर करायचो आणि म्हणायचो, लाइट गेली वाटतं.

प्रत्येक लिंकखाली सर स्वतः एक ओळ लिहायचे. "यातलं पहिलं प्रकरण सोडा, ते लेखकाने मित्रांसाठी लिहिलंय." "हा लेख कठीण आहे. चहा घेऊन बसा." "यात सूरतच्या कापडाबद्दल आहे. भिवंडीबद्दल नाही, पण वाचताना भिवंडी दिसेल." मी म्हणायची, सर, हे विद्यापीठाला शोभणारं नाही. ते म्हणायचे, "विद्यापीठाला शोभायला आपण लावतोय का?"

अशाच एका दुपारी ते म्हणाले, "मॅडम, तुमचा पासवर्ड टाका जरा. लिंका उघडतात का ते एकदा बघून घेतो."

मी टाकला. त्यात लपवण्यासारखं काय होतं? माझ्या मुलीचं घरातलं नाव आणि आमच्या बिल्डिंगचा नंबर. मनुडी म्हणतो आम्ही तिला. सर माझ्या शेजारीच बसले होते, नजर कीबोर्डवर. लिंका उघडल्या. सरांनी टाळी वाजवली.

थोड्याच दिवसांत ते वर्गात येऊन सांगून गेले की विद्यापीठाकडून मंजुरी आली, आता सगळ्यांना वाचता येईल. मला वाटलं, अर्जाचं काम झालं. आणि मुलं वाचायला लागली. तुम्ही शिकवत असाल तर तुम्हाला कळेल मी काय म्हणतेय ते. आजवर मी बोलायची आणि ती उतरवून घ्यायची. आता ती मध्येच थांबवायला लागली. रेश्मा म्हणून माझी एक विद्यार्थिनी, काल्हेरला पॅकिंगला जायची, वर्गात कधी तोंड उघडायची नाही. ती एक दिवस उभी राहून म्हणाली, "मॅडम, त्या लेखात कंत्राटी कामगाराचं जे लिवलंय ना, ते अर्धंच हाय. आमच्याकडं तीन हात मधी असतात." आणि मग तिने फळ्यावर ते तीन हात काढून दाखवले. मी मागच्या बाकावर जाऊन बसले. त्या दिवशी घरी येताना रिक्षात मला रडू येत होतं, आनंदाने.

याच सुमारास विद्यापीठाच्या ग्रंथालयातून फोन आला. त्यांचा काहीतरी वाचन सप्ताह होता. वर्षभरात ऑनलाइन संग्रहाचा सगळ्यात जास्त वापर करणाऱ्या संशोधकाचा ते सत्कार करणार होते आणि ती संशोधक मी होते. मला नवल वाटलं. मी वाचत होते, पण इतकं? घर, कॉलेज, मनुडीची शाळा, यातून जेवढं जमेल तेवढं. पण माणसाला कौतुक खोटं वाटत नाही हो. मला वाटलं, असेल. आपण स्वतःला उगीच कमी लेखतो.

सर मला त्यांच्या गाडीतून विद्यापीठात घेऊन गेले. त्या दिवशी पायांत बूट होते. पहिल्या रांगेत बसले. माझ्या मार्गदर्शक बाई कडक होत्या. त्यांनी माझ्या प्रकरणांवर लाल पेनाने जे लिहिलं ते मी कधी नवऱ्यालाही दाखवलं नाही. त्यांनीच मला शाल घातली. घालताना कानाशी वाकून म्हणाल्या, "मी तुला आळशी समजत होते गं. माफ कर." ग्रंथालयातल्या बाईंनी भाषणात कौतुकाने सांगितलं की ह्या संशोधक दर शुक्रवारी तर सकाळपासून संध्याकाळपर्यंत वाचतात, जेवायलाही उठत नसाव्यात. सभागृह हसलं. टाळ्या वाजल्या. सगळ्यांच्या थांबल्यावरही एका माणसाच्या वाजत होत्या. ते लायब्ररी सर.

शुक्रवार. तुमच्या लक्षात आलं असेल. शुक्रवारी भिवंडीतले लूम बंद असतात. माझ्या लक्षात आलं नाही. जन्म गेला इथे, आणि आलं नाही.

परत येताना मी गाडीत विचारलं, "सर, मी एवढं कधी वाचलं हो?"

ते रस्त्याकडे बघत म्हणाले, "वाचणारा माणूस मोजतो का, मॅडम?" आणि मग म्हणाले, "नाव काढलंत कॉलेजचं." माणकोलीला गाडी थांबवून त्यांनी पेढ्यांचा बॉक्स घेतला, अर्धा मनुडीसाठी माझ्या हातात ठेवला. 'तुमच्या मुलीला' म्हणाले, नावाने नाही. तेवढं त्यांनी सांभाळलं.

ते प्रमाणपत्र मी चौकटीत घालून टीव्हीच्या वर लावलं. आईने शेजारच्यांना बोलावून दाखवलं. आमच्या घरात पीएचडीपर्यंत कोणी पोहोचलेलं नाही. शेवटचं प्रकरण तेवढं राहिलं होतं.

मग एक दिवस वर्ग सुटल्यावर रेश्मा माझ्याबरोबर जिना उतरत होती. तिने सहज विचारलं, "मॅडम, तुमची मनुडी कितवीला हाय?"

मी थांबले. कॉलेजात हे नाव कुणाला माहीत नाही. मी घर कॉलेजात आणत नाही. विचारलं, "तुला कुणी सांगितलं?"

"सगळ्यांना ठाव हाय, मॅडम. पासवर्ड तोच ना? आम्ही म्हटलं, पोरीचंच नाव असंल. लायब्ररी सरांनी आमच्या ग्रुपवर टाकलाय, मागंच. तुम्ही आमच्यासाठी दिला म्हणून." ती हसली. "माझी आई म्हणते, अशी मॅडम मिळाया नशीब लागतं."

माझ्या मुलीचं लाडाचं नाव भिवंडीभर मोबाइलांत फिरत होतं. गोदामात, लूमवर, चहाच्या टपरीवर मुलं ते बोटांनी लिहीत होती आणि मी होऊन वाचत होती. मला पहिल्यांदा काय वाटलं असेल तर घरात कोणीतरी चपला घालून फिरून गेल्यासारखं वाटलं. रेश्माला मी काही बोलले नाही. तिचा काय दोष?

सर लायब्ररीतून निघून गेले होते. घरी जाऊन मी पासवर्ड बदलायला बसले. खातं उघडेना. ते बंद केल्याची सूचना समोर आली. कुठल्यातरी प्रकाशकाने विद्यापीठाकडे तक्रार केली होती की एकाच व्यक्तीच्या नावाने एकाच वेळी असंख्य मोबाइलवर लेख उतरवले जातायत.

दुसऱ्या दिवशी मार्गदर्शक बाईंचा फोन आला. त्यांचा आवाज चढलेला नव्हता, तो चढला असता तर बरं झालं असतं. "ते प्रमाणपत्र ग्रंथालयाला परत पाठव," त्या म्हणाल्या. "आणि त्या दिवशी मी तुझी माफी मागितली होती. ती मी परत घेते." मी सांगायचा प्रयत्न केला. त्या म्हणाल्या, "तू वाटला नसशील पासवर्ड, तर तुझ्या कॉलेजने तसं लिहून कळवावं. मी थांबते तोवर."

म्हणजे सगळं एका वाक्यावर आलं होतं. सरांनी प्राचार्यांसमोर एवढंच म्हणायचं होतं, की हे मी केलं, मॅडमना माहीत नव्हतं. बाई थांबायला तयार होत्या. माझी इतक्या वर्षांची मेहनत त्या वाक्याची वाट बघत होती.

मी सरांना गाठलं. ते ओशाळले होते, खरंच ओशाळले होते. म्हणाले, "मुलं रोज विचारायची, मॅडम. कधी मिळणार, कधी मिळणार. रोज तोंड चुकवायचं किती? रिकामं कार्ड पडलंय असं वाटलं मला." आणि मग, "तुम्ही घाबरू नका. मी आहे ना."

प्राचार्यांच्या केबिनबाहेर बाकावर आम्ही दोघं बसलो होतो. मी म्हणाले, "सर, मला बाकी काही नको. आत गेल्यावर फक्त खरं सांगा."

हात हवेत फिरला. "झालं समजा."

आत प्राचार्यांनी विद्यापीठाचं पत्र वाचून दाखवलं आणि विचारलं, मुलांना पासवर्ड कुणी दिला? सर वर पंख्याकडे बघत होते. मग त्यांनी चष्मा पुसला. म्हणाले, "मॅडमनीच दिला होता, सर. मुलांसाठी. मी नको म्हणत होतो. पण त्यांचं मन मोठं आहे."

माझं मन मोठं आहे! अहो, शिवी दिली असती तर मी उलटून बोलले असते. आरोप केला असता तर पुरावा मागितला असता. कौतुकाला काय उत्तर देणार? मी म्हणाले, "सर, असं नाही झालं." पण प्राचार्य समजूतदार चेहरा करून म्हणाले, "मॅडम, तुमची भावना चांगलीच होती. पण नियम म्हणून काही असतं की नाही?" रेश्माला, ग्रुपवरच्या मुलांना साक्षीला आणावं असं एक क्षण मनात आलं. पण ती काय सांगणार होती? ग्रुपवर टाकला सरांनी, पण तिथेही त्यांनी हेच लिहिलं होतं, की मॅडमनी दिला. सरांनी मला फार आधीच मोठं करून ठेवलं होतं.

कॉलेजने विद्यापीठाला तसंच कळवलं. बाईंनी मार्गदर्शन सोडलं. ग्रंथालय माझ्यासाठी बंद झालं. प्रमाणपत्र मी चौकटीतून काढून पाठवलं. आईने विचारलं, कुठे गेलं गं? मी सांगितलं, नाव चुकलं होतं, दुरुस्तीला दिलंय.

सर मला जिन्यात भेटले. मी बाजूने जायला लागले तर आडवे आले. डोळे भरलेले होते. "रिटायरमेंट तोंडावर आलीय, मॅडम. आता डाग लागला असता तर मी गावात तोंड दाखवू शकलो नसतो. तुम्ही तरुण आहात. तुम्ही परत कराल. तुम्हाला कोण काय म्हणणार?"

मी म्हणाले, "तुम्ही मला आधी विचारलं का नाही?"

"विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता."

"हो," मी म्हणाले. "नाही म्हटलं असतं. दुसरी वाट शोधली असती, तुमच्याबरोबर बसून शोधली असती. पण तुम्हाला ते नाही ऐकायचंच नव्हतं."

ते माझ्याकडे अशा नजरेने बघत राहिले की जणू माझं बोलणं त्यांना कळतच नाहीये. आणि खरं सांगू, मला वाटतं ते त्यांना कळतच नव्हतं. ज्या माणसाने आयुष्यात कुणाला नाही म्हटलं नाही, त्याला वाटतं की समोरच्याचं नाही म्हणजे एक आजार आहे आणि आपण त्यावर औषध करतोय.

त्यांचा निरोप समारंभ थाटात झाला. हॉल भरला होता. लूमवालाही आला होता, मागे भिंतीला टेकून उभा. मुलांनी फेटा बांधला, भाषणं केली, कितीतरी मुली रडल्या. त्यांचं रडणं खोटं नव्हतं, त्यांच्यापैकी कित्येकींच्या हातात पहिलं पुस्तक याच माणसाने दिलं होतं. सर बोलायला उभे राहिले आणि म्हणाले, "माझं नाव घेताय, पण अर्थशास्त्राच्या मॅडमचं घ्या. स्वतःचं नुकसान करून घेऊन तुम्हाला वाचायला दिलं त्यांनी." सगळा हॉल माझ्याकडे वळून टाळ्या वाजवायला लागला. मी बसून राहिले. मला उठून ओरडावंसं वाटत होतं, आणि मी बसून राहिले. फेटा मात्र त्यांना फार छान दिसत होता.

ते गेल्यावर साइटवरच्या लिंका तशाच होत्या, खाली सरांच्या ओळी आणि वर बंद दार. मुलं विचारायला लागली, मॅडम, उघडत का नाही? मी विद्यापीठाच्या ग्रंथालयात फोन केला. म्हटलं, आमच्या कॉलेजने मुलांच्या खात्यांसाठी अर्ज केला होता, तो का नामंजूर झाला एवढं तरी सांगा. भाषण केलेल्या त्याच बाई होत्या. मला ओळखून त्यांचा आवाज जरा आखडला. त्यांनी शोधून सांगितलं, "तुमच्या कॉलेजकडून असा अर्ज आमच्याकडे कधी आलेलाच नाही, मॅडम. आला असता तर कशाला नाही म्हटलं असतं आम्ही?"

मी फोन ठेवला आणि लायब्ररीतल्या त्या खिडकीपाशी बसून राहिले. त्यांनी अर्जच केला नव्हता. का, ते मी त्यांना कधी विचारलं नाही. आळस म्हणाल तर ते आळशी नव्हते. मला वाटतं, विद्यापीठ नाही म्हणेल ही त्यांना भीती होती आणि ते ऐकण्यापेक्षा त्यांनी मला विकून टाकलं. प्राचार्यांच्या केबिनमध्ये ते घाबरले हे मी एकवेळ समजू शकते. हे नाही समजू शकत. माझं सगळं ज्यात गेलं ते करायची गरजच नव्हती. दार उघडं होतं, कडी वाजवायची राहिली होती.

अर्ज मी केला. मंजूर व्हायला फार दिवस लागले नाहीत. आता प्रत्येक मुलाचं स्वतःचं खातं आहे, ज्याचं वाचन त्याच्या नावावर. मला दुसरे मार्गदर्शक मिळाले, खातं परत चालू झालं, विषय थोडा बदलला, जवळजवळ पहिल्यापासून सुरुवात झाली. करतेय. होईल.

परवा दुपारी अंजूरहून फोन आला. नंबर मी काढून टाकला होता, आवाज ओळखला. आधी त्यांनी सगळ्यांची चौकशी केली. तब्येतीचं सांगितलं, गुडघे धरलेत. मग म्हणाले, "घरात वाचायला काही नाही हो, मॅडम. मुलगा दिवसभर गोदामावर. कंटाळा येतो. तुमचं खातं चालू झालं असं ऐकलं. भाताच्या जुन्या जातींवर एक पुस्तक आहे विद्यापीठात. तुमच्या नावावर तेवढं काढून द्याल का?"

मला हसू आलं. एवढं सगळं होऊन या माणसाने मलाच फोन केला होता. त्यांना दुसरं कोणी आठवलं नव्हतं. पुस्तक मला माहीत होतं. एका मिनिटाचं काम होतं.

मी म्हणाले, "नाही, सर."

पलीकडे त्यांच्या मागे ट्रक वळत असल्याचं ऐकू येत होतं. मी थांबले. हे बोलल्यावर मोकळं वाटेल असं मी किती दिवस मनाशी धरलं होतं. तसं काही वाटलं नाही. आत कुठेतरी दुखायला लागलं.

"बरं," ते शेवटी म्हणाले, अगदी हळू. शाळेत पहिल्यांदा ओरडा खाल्लेला मुलगा म्हणतो तसं. आणि फोन त्यांनीच ठेवला.